हवेच्या फलकावर परागकणांचाही आकडा हवा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महापालिकांचे आयुक्त, वृक्ष प्राधिकरणांचे सदस्य आणि महापालिकांचे आरोग्य अधिकारी यांस,

विषय : शहराच्या हवेतील परागकण आणि बुरशीचे बीजाणू मोजून त्यांची संख्या नियमित जाहीर करण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार. आमच्या वस्तीला लागून महापालिकेच्या मालकीचा एक मोकळा भूखंड आहे. पाऊस सरत आला की तो कमरेएवढ्या गाजर गवताने भरतो. हे गवत फुलण्याआधी काढावे, असा अर्ज आम्ही काही रहिवाशांनी क्षेत्रीय कार्यालयात दिला. लेखी उत्तर आले : परिसरातील हवा गुणवत्ता निर्देशांक 'समाधानकारक' श्रेणीत आहे, आरोग्यास धोका आढळत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

हे पत्र त्या एका कार्यालयाविरुद्ध नाही. तिथल्या अधिकाऱ्यांसमोर जो आकडा होता, त्यावरून त्यांनी उत्तर दिले. पण त्या आकड्यात परागकण धरलेलेच नसतात, आणि हवेबद्दलचा प्रत्येक निर्णय त्याच आकड्यावर होतो. हे मुकाट्याने मान्य करणे मला जमत नाही. प्रश्न एका भूखंडाचा किंवा एका शहराचा नसल्यामुळे आपणा सर्वांनाच लिहिते आहे, आणि लोकांनाही वाचता यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

माझी बाजू आधी सांगते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. माझ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. तो शाळेत असताना मैदानावरचे गवत सकाळी कापले आणि त्याच सकाळी मुलांना तिथे कवायतीला उभे केले. दुपारपर्यंत त्याला रुग्णालयात न्यावे लागले. आता तो मोठा झाला आहे, नोकरी करतो, औषधे नीट घेतो, तरी गणपती झाले की आमच्या घरात नेब्युलायझर कपाटातून बाहेर येतो आणि दिवाळी उलटेपर्यंत आत जात नाही. अशी घरे आपल्या प्रत्येक प्रभागात आहेत. २०१९ च्या जागतिक आजारभार अभ्यासानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण आहेत. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी हे साधारण १३ टक्के. पण दम्याने जगात जेवढे लोक मरतात, त्यांतले ४२ टक्क्यांहून अधिक भारतातले आहेत. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळाले तर दम्याने सहसा माणूस मरत नाही. म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत, अशी विनंती आहे.

आता निर्देशांकाबद्दल. आपल्या देशाचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून लागू आहे. तो आठ प्रदूषकांवर ठरतो : पीएम १० आणि पीएम २.५ हे हवेतले सूक्ष्म धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. सगळी नावे महत्त्वाचीच आहेत. पण गवताचा परागकण साधारण २५ ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, गाजर गवताचा १५ ते २० मायक्रॉनचा. आणि पीएम १० मोजणाऱ्या यंत्राचे तोंडच असे बनवलेले असते की १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक बाहेरच राहावेत. म्हणजे परागकण यंत्राच्या नजरेतून चुकून सुटत नाहीत. त्यांना वगळूनच ते यंत्र काम करते. ज्या दिवशी हवेत गवताचे परागकण भरलेले असतात, त्या दिवशीही निर्देशांक ६० किंवा ८० दाखवू शकतो आणि तो त्याच्या नियमाप्रमाणे बरोबरच असतो.

शिवाय 'समाधानकारक' म्हणजे ५१ ते १०० ही श्रेणी सर्वांसाठी निर्धोक आहे, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळही म्हणत नाही. संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो, असे मंडळाच्याच वर्णनात आहे. या श्रेणीच्या वरच्या टोकाला पीएम २.५ चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी १५ आहे. तेव्हा अर्जाला दिलेले ते उत्तर निर्देशांकाच्या चौकटीतही टिकत नाही.

धूर आणि परागकण हे दोन वेगळे विषय आहेत, धुराचे आधी पाहू, फुलांचे मग, असा एक समज आपल्या खात्यांत दिसतो. शरीरात मात्र ते एकमेकांचे काम सोपे करतात. वाहनांच्या धुराने आणि ओझोनने नाकातले व श्वासनलिकेतले अस्तर सुजते, आणि परागकणांतली प्रथिने आत शिरायला वाट मिळते. डिझेलच्या काजळीमुळे ॲलर्जीची प्रतिक्रिया तीव्र होते, हे प्रयोगांतून अनेकदा दिसले आहे. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन परागकणांच्या प्रथिनांतच रासायनिक बदल घडवतात, आणि ती अधिक त्रासदायक होऊ शकतात. म्हणून डोंगरावरच्या गवतात फिरून आलेल्या माणसाला जेवढा त्रास होतो, त्याहून अधिक तेच गवत उड्डाणपुलाखाली फुलले तर होऊ शकतो.

आणि आपल्याकडे हे सगळे एकाच वेळी जुळून येते. पाऊस ओसरतो, रस्ते वाळतात, चार महिने चिखल होऊन बसलेली माती धूळ होऊन उठते. गवते त्याच सुमारास फुलोऱ्यावर असतात. काटेमाठ, एरंड, गाजर गवत फुललेले असते. ओल धरलेल्या भिंतींवर आणि कुजणाऱ्या पाल्यावर अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस या बुरशींचे बीजाणू तयार असतात. रात्री गारठू लागतात, हवा जमिनीलगत साचून राहते. त्यात फटाक्यांचा धूर मिळतो. दवाखान्यांतली गर्दी पाहून 'वातावरण बदललंय' एवढेच आपण म्हणतो. दुसरा हंगाम माघापासून चैत्रापर्यंतचा, झाडांचा. वावळ पाने गाळून फुलते तेव्हा तिची बारीक हिरवट फुले कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण तिचे परागकण वाऱ्यावर जातात आणि ती ॲलर्जीसाठी ओळखली जाते. वेडी बाभूळही तशीच.

लक्षात न येणाऱ्या फुलांचा हा मुद्दा थोडा लांबवते, कारण मोजणी नसल्याचे सर्वांत मोठे नुकसान इथे दिसते. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सप्तपर्णी फुलते आणि तिच्या उग्र वासाने लोकांचे डोके दुखते. मग तिच्याविरुद्ध तक्रारी सुरू होतात, झाडे तोडा म्हणून निवेदने येतात. उग्र वासाचा दमेकऱ्यांना त्रास होतो, हे खरे. पण सप्तपर्णीचे परागीभवन प्रामुख्याने कीटकांमार्फत होते. तिचे परागकण वाऱ्यावर मैलोन्मैल जाण्यासाठी घडलेले नाहीत. त्याच आठवड्यात ज्या गवतांचे परागकण खरोखर वाऱ्यावर स्वार असतात, त्यांना वासच नसतो. लोक नाकाला जे कळते त्यालाच दोष देणार. त्यांना खरे काय ते सांगण्याचे काम मोजणी करणाऱ्या यंत्रणेचे होते, आणि ती यंत्रणाच आपण उभी केलेली नाही. परिणामी निर्दोष झाडावर कुऱ्हाड येते आणि भूखंडावरचे तण तसेच राहते.

डॉक्टरांचीही हीच अडचण होते. शहराचे परागदर्शक कॅलेंडर, म्हणजे कोणत्या महिन्यात हवेत कशाचे परागकण असतात ते दाखवणारा तक्ता, नसल्यामुळे रुग्णाला 'धुळीची ॲलर्जी आहे' एवढे सांगून गोळी दिली जाते. त्वचेवर ॲलर्जीची चाचणी केली, तरी ज्या वनस्पतींचे अर्क टोचतात त्यांपैकी कोणत्या या शहरात आहेत आणि कोणत्या महिन्यात फुलतात, हे ताडून पाहायला स्थानिक नोंद लागते. हंगाम कधी सुरू होतो ते ठाऊक असेल, तर नाकातला फवारा किंवा नियमित घ्यायचा इन्हेलर काही आठवडे आधीपासून सुरू करता येतो आणि झटका टाळता येतो. आज रुग्णाला हंगाम सुरू झाल्याचे कळते ते छातीत घरघर सुरू झाल्यावर.

गाजर गवताबद्दल सविस्तर लिहायलाच हवे, कारण या तणाचा भारतातला इतिहास महाराष्ट्रातून सुरू होतो. १९५५-५६ च्या सुमारास त्याची नोंद पुण्यात झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले, असे मानले जाते. तिथून ते देशभर पसरले. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलू लागते, एकेक झाड हजारो बिया टाकते, आणि उकरलेली, विस्कटलेली जमीन त्याला फार मानवते. शहरात अशी जमीन कोण तयार करते, ते आपण जाणताच : केबलसाठी खणून तसाच सोडलेला पदपथ, नाल्याकाठी रात्रीत ओतलेला राडारोडा, आरक्षण टाकून वर्षानुवर्षे पडून राहिलेले भूखंड. त्याच्या परागकणांनी शिंका आणि दमा होतो. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेचा जो दाह होतो तो आणखी चिवट असतो. वाळलेल्या झाडाचा भुगा हवेतून येऊन पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसतो आणि तिथली कातडी जाड, काळपट होत जाते.

हा दाह मी एका बाईंच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. त्या उद्यान विभागाच्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर होत्या आणि दुभाजकातले गाजर गवत उघड्या हातांनी उपटत होत्या. पापण्या सुजलेल्या, मानेवर चट्टे. हातमोजे का नाहीत, विचारले तर म्हणाल्या, "बाई, मोजे मागितले तर उद्यापासून दुसरी येईल." ज्या शहराला हवा शुद्ध करायची आहे, त्या शहराचे काम करताना या बाईंची त्वचा आणि श्वास जातो आहे. पुढच्या सगळ्या मागण्या मागे पडल्या तरी चालतील, पण त्यांच्यासारख्यांना हातमोजे आणि मास्क उद्याच्या उद्या मिळावेत.

जिथे माणसे लावत नाहीत तिथे ब्रशकटर लावतात, आणि तेही बहुधा गवत फुलल्यावर, तक्रारी वाढल्यावर. फुललेले गवत यंत्राने कापणे म्हणजे परागकण आणि भुगा हातभर अधिक उंच उडवणे. शिवाय गाजर गवत मुळासकट निघाले नाही तर खालून पुन्हा फुटते. ते पावसाळ्यात, जमीन ओली असताना आणि फुले येण्याआधी उपटावे, हे कृषी विद्यापीठे कित्येक वर्षे सांगत आहेत. ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताहही पाळला जातो. या तणावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडला गेला आणि पुढे अनेक ठिकाणी पसरला. मोकळी झालेली जागा टाकळ्यासारख्या वनस्पतीने व्यापली की तण पुन्हा सहज डोके वर काढत नाही. उपाय सगळे माहीत आहेत. निविदेची तारीख मात्र तणाच्या वाढीप्रमाणे ठरत नाही.

वृक्षारोपणाबाबतही माझी तक्रार आहे. एकही उभे झाड तोडावे असे माझे म्हणणे नाही. झाडांमुळे धूळ अडते, रस्ता थंड राहतो, आणि त्यांच्याशिवाय शहर जगू शकत नाही. पण पुढे काय लावायचे ते तरी विचाराने ठरावे. लवकर वाढते, गुरे खात नाहीत, हिरवे दिसते, एवढ्या गुणांवर दुभाजकांत आणि नव्या रस्त्यांकडेला कोनोकार्पस या परदेशी झाडाच्या रांगा लागल्या. गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आणि त्यामागे दिलेल्या कारणांत सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी यांचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातल्या वृक्ष प्राधिकरणांनी निदान तो निर्णय पटलावर घेऊन चर्चा करायला हवी होती. आपल्याकडे बहावा आहे, ताम्हण आहे, पळस, पांगारा, करंज आहे. त्यांचे परागकण वाऱ्यावर सोडलेले नसतात. कीटक आणि पक्षी ते नेतात. ताम्हण तर राज्याचे फूल आहे, आणि ते लावायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

सफाईचा मुद्दा थोडक्यात सांगते. पहाटे कोरड्या रस्त्यावर लांब झाडूने केलेली झाडलोट, वाहतूक सुरू व्हायच्या वेळी, सगळे बसलेले कण पुन्हा श्वासाच्या उंचीवर आणते, आणि ती झाडणारा माणूस त्या ढगात उभा असतो. पालापाचोळा जाळण्यास बंदी आहे; राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला आहे. तरी हिवाळ्यातल्या पहाटे कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग धुमसतात आणि त्यांतले काही महापालिकेच्या आवारात असतात. बांधकामाच्या धुळीसाठी मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : उंच पत्रे, ओले कापड, पाण्याचे फवारे, झाकलेल्या गाड्या. इतर शहरांनीही तसे नियम करावेत, आणि मुंबईसह सर्वांनी ते पाळले जातात का ते पाहावे.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातली अनेक शहरे आहेत. १५ व्या वित्त आयोगाने दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांना हवेसाठी स्वतंत्र निधी दिला. या कार्यक्रमात शहराची कामगिरी मुख्यतः पीएम १० किती घटले यावर पाहिली जाते. जे मोजले जाते त्यासाठी पैसा मिळतो, यंत्रे येतात, बैठका होतात. झाडणारी वाहने आली, कारंजी आली, पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या आल्या. परागकण कुठल्याच रकान्यात नसल्यामुळे त्यांच्यासाठी ना अधिकारी, ना तरतूद. माझ्या साऱ्या तक्रारींचे मूळ या न मोजण्यात आहे.

आणि मोजणे अवघड आहे, असे कृपया कोणी म्हणू नये. इंग्लंडमधले डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी एकोणिसाव्या शतकात चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून उंचावरच्या हवेतले परागकण पकडले होते. १९५२ मध्ये हर्स्ट या संशोधकांनी बनवलेल्या यंत्राचे सुधारित रूप आजही जगभर प्रमाण मानले जाते : मिनिटाला १० लिटर हवा आत ओढणारा छोटा पंप, आणि आठवड्यात एक फेरी पूर्ण करणारे पिंप, त्यावर चिकट पट्टी. आठवड्याने पट्टी काढायची, दिवसाचा एकेक तुकडा कापायचा, फुक्सिनने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. घनमीटर हवेत कोणत्या वनस्पतीचे किती कण, हे त्यातून तासागणिक कळते. माझे विद्यार्थी गच्चीवर ग्लिसरीन जेलीची काचपट्टी ठेवून परागकण ओळखायला शिकत. आमच्या पट्टीला हवेचे घनफळ कळत नव्हते, म्हणून तिच्या मोजणीवर शहराला सल्ला देता येत नाही. पण विशीतली मुले गवताचा, एरंडाचा, गाजर गवताचा कण बिनचूक ओळखतात, हे मी पाहिले आहे. यंत्र आपण घ्या, मोजणारे हात गावोगावच्या महाविद्यालयांत आहेत.

या विद्येची परंपराही राज्याला नवी नाही. त्या वेळच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात, डॉ. एस. टी. टिळक यांनी हवेतल्या परागकण-बीजाणूंचा अभ्यास उभा केला. त्यांच्या नावाचे 'टिळक एअर सॅम्पलर' देशभरातल्या संशोधकांनी वापरले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९० च्या दशकात हवेतल्या ॲलर्जीकारकांचा देशव्यापी समन्वित प्रकल्पही राबवला होता. चंडीगडला पीजीआय ही वैद्यकीय संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये शहराचे परागदर्शक कॅलेंडर प्रसिद्ध केले. जपानमध्ये 'सुगी' नावाच्या तिथल्या वृक्षाच्या परागकणांचा अंदाज हवामानाबरोबर सांगितला जातो, आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ते परागकण ३० वर्षांत निम्मे करण्याची योजना जाहीर केली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी गवताच्या हंगामात वादळ आले. ओलाव्याने परागकण फुटले, त्यांतले सूक्ष्म कण खोल फुप्फुसांत गेले, हजारो लोक रुग्णालयांत धावले आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथल्या राज्य सरकारने वर्षभरात अशा दम्याची पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभारली. आपला परतीचा पाऊसही विजा आणि वादळ घेऊन, गवत फुललेले असतानाच येतो. त्या रात्री दम्याचे रुग्ण वाढले तर त्याची सांगड कशाशी घालायची, याचे उत्तर द्यायला आपल्याकडे मोजणी असायला हवी.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक महापालिकेने एका वर्षात निदान एक परागकण व बीजाणू मोजणी केंद्र, एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाबरोबर करार करून, सुरू करावे. हंगामात ही संख्या हवेच्या फलकावर, निर्देशांकाच्या शेजारी, मराठीत आणि समजेल अशा भाषेत दाखवावी : गवत जास्त, झाडे कमी, बुरशी मध्यम, एवढे पुरे आहे. निर्देशांकाच्या सूत्रात ती मिसळण्याची गरज नाही. वेगळा रकाना चालेल.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. त्या गणनेत झाडाची जात नोंदवली जाते. ती माहिती मोजणीला जोडून दोन वर्षांत शहराचे परागदर्शक कॅलेंडर तयार करावे आणि प्रत्येक महापालिका दवाखान्यात, शाळेत आणि औषधांच्या दुकानदारांच्या संघटनेकडे द्यावे. नव्या लागवडीची यादी याच माहितीवर ठरावी, कोनोकार्पस थांबवावे, आणि शाळा व रुग्णालयांच्या भोवती वाऱ्यावर परागकण सोडणाऱ्या एकाच जातीच्या रांगा लावू नयेत.

गाजर गवत काढण्याच्या निविदा मे महिन्यात निघाव्यात आणि काम जुलै-ऑगस्टमध्ये, फुले येण्याआधी, मुळासकट व्हावे. महापालिकेच्या प्रत्येक भूखंडाची जबाबदारी एका नाव असलेल्या अधिकाऱ्यावर असावी. खासगी भूखंडमालकांना नोटीस द्यायची तर आधी स्वतःचे भूखंड साफ करावेत. काम करणाऱ्यांना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वर्षातून एकदा त्वचेची व फुप्फुसांची तपासणी हे ठेकेदाराच्या बिलाला जोडावे : पुरावा नसेल तर बिल मंजूर होऊ नये.

फुललेल्या गवतावर ब्रशकटर चालवणे बंद करावे, आणि शाळांच्या मैदानांवर कापणी सुट्टीच्या दिवशी व्हावी.

महापालिकेच्या दवाखान्यांत दमा आणि श्वसनाच्या तीव्र त्रासाने रोज किती रुग्ण आले, नेब्युलायझर किती जणांना द्यावा लागला, ही संख्या नावे न घेता जाहीर व्हावी, म्हणजे ती परागकणांच्या आणि निर्देशांकाच्या आकड्यांशेजारी ठेवता येईल. आणि सप्टेंबर उजाडायच्या आत प्रत्येक दवाखान्यात तातडीच्या इन्हेलरबरोबर नियमित घ्यायच्या इन्हेलरचाही साठा असावा. रात्री दोन वाजता धाप लागलेल्या माणसाला 'साठा संपलाय' हे ऐकायला लागू नये.

यांतल्या बहुतेक कामांसाठी नवा कायदा लागत नाही. आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. येत्या अहवालात परागकण आणि बीजाणू यांवर स्वतंत्र प्रकरण असावे, आणि त्यात केंद्र कधी सुरू होणार याची तारीख असावी. मोजणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी मला बोलावले तर मी कुठल्याही महापालिकेत, मानधनाशिवाय, येईन. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक शहरात आहेत आणि विचारले तर तेही येतील.

या पत्राचे उत्तर मला टपालाने नको. ते महापालिकेच्या संकेतस्थळावर, कोणालाही वाचता येईल असे, द्यावे.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका आणि एका दमेकरी मुलाची आई